'ब्लडी गुड' ही शाबासकी की शिवी?

प्रश्न : माझा मुलगा मेलबर्नला नोकरी करतो. काम आवडलं की त्याचा साहेब 'ब्लडी गुड' म्हणतो. मुलगा म्हणतो, हे कौतुक आहे. आम्ही तर 'ब्लडी' ही शिवी म्हणूनच ऐकत आलो. हा शब्द आला कुठून? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, मुलगा बरोबर सांगतोय. तिथलं 'ब्लडी गुड' म्हणजे आपलं 'जाम भारी'. पुढे 'गुड' आला तर शाबासकी, 'फूल' म्हणजे मूर्ख आला तर उद्धार. आपल्याकडे हा शब्द गोऱ्या साहेबाच्या खेकसण्यातून आला, म्हणून तो अजून टोचतो.

'बाय अवर लेडी' या मेरीमातेच्या शपथेचा हा अपभ्रंश, असं पुष्कळजण सांगतात. मला ते पटत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात उमरावांच्या दंगेखोर पोरांना 'ब्लड्स' म्हणत. त्यांच्यासारखा झिंगलेला तो 'ब्लडी ड्रंक', हे मूळ जास्त सयुक्तिक वाटतं. १७११ मध्ये 'गलिव्हर'वाला लेखक जोनाथन स्विफ्ट, स्वतः धर्मगुरू असून, पत्रात उकाड्याला सहज 'ब्लडी हॉट' म्हणून जातो. १७५५ च्या कोशात मात्र डॉ. जॉन्सन या वापराला 'अतिशय ग्राम्य' ठरवतात.

पुढे १९१४ साली लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरमध्ये जॉर्ज बर्नार्ड शॉचं 'पिग्मॅलियन' हे नाटक आलं. पु. लं.ची 'ती फुलराणी' बेतली ती याच नाटकावर. फुलं विकणारी एलायझा एका प्रोफेसरानं घोटून घेतलेल्या उच्चारांनिशी बड्या घरी चहाला आली आहे. निघताना फ्रेडी विचारतो, बागेतून चालत जाणार का? एलायझा झालेल्या मिसेस पॅट्रिक कॅम्बेल त्याच नाजूक, स्वच्छ स्वरात उत्तरतात, 'नॉट ब्लडी लाइकली!' म्हणजे 'छे, मुळीच नाही!' मिनिटभर हशा थांबेना. काही वर्तमानपत्रांना तर तो शब्द छापायचंही धाडस झालं नाही. मला हा प्रसंग फार आवडतो. प्रोफेसरानं पोरीचे उच्चार बदलले, पण बोली तिचीच राहिली, हे शॉनं एका शब्दात दाखवलं.

ऑस्ट्रेलियात तो केव्हाच अंगवळणी पडलाय. २००६ मध्ये तिथल्या सरकारी पर्यटन खात्यानं 'सो व्हेअर द ब्लडी हेल आर यू?' (मग आहात तरी कुठे?) अशी जाहिरात केली. ब्रिटनमध्ये ती टीव्हीवर दाखवायला आधी मनाई झाली!

तेव्हा मुलानं कौतुक खुशाल घ्यावं. बरोबरीच्या सहकाऱ्यांत स्वतः म्हणालाही तरी चालेल. नव्या ग्राहकासमोर, मुलाखतीत किंवा कुणाच्या घरी वडीलधाऱ्यांपुढे मात्र 'व्हेरी गुड'च म्हणावं.