ईईजी संशोधनात (म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विद्युत लहरी नोंदवण्यात) सगळ्या लॅबनी एकच पद्धत वापरावी का? आणि कच्चा डेटा खुला करणं खरंच गरजेचं आहे का?

विश्लेषणाची पद्धत एकच नको. नोंदी ठेवण्याची पद्धत मात्र एकच हवी, आणि कच्चा डेटा खुला हवाच. यावरून आमच्या लॅबमधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी माझे इतके वाद झालेत, की तुमचा प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

झालं असं की वयाचा पी-300 वर, म्हणजे क्वचित येणारी गोष्ट दिसल्यावर साधारण 300 मिलिसेकंदांनंतर मेंदूत उमटणाऱ्या लहरीवर, काय परिणाम होतो, हे आम्ही पाहत होतो. आमच्याकडे तरुणांचा डेटा भरपूर होता, वयस्कांचा तोकडा. दुसऱ्या एका लॅबनं तोच चित्रांचा ऑडबॉल प्रयोग (नेहमीच्या चित्रांत मध्येच क्वचित वेगळं चित्र दाखवायचं) वयस्कांवर केला होता आणि पेपरच्या शेवटी ते नेहमीचं वाक्य होतं, 'विनंती केल्यास डेटा उपलब्ध'. विनंती केली. बऱ्याच मेलामेलीनंतर फाइली आल्या, त्या 'साफ केलेल्या'. कच्च्या नाहीतच. रेफरन्स, म्हणजे बाकीच्या इलेक्ट्रोडची तुलना ज्याच्याशी होते तो इलेक्ट्रोड, कानामागे होता की नाकावर, याचा पत्ता नाही. मार्कर, म्हणजे कोणतं चित्र कधी आलं ते सांगणाऱ्या खुणा, हे नुसते आकडे, 11, 12, 21, 22. नेहमीचं चित्र कोणतं आणि क्वचित येणारं कोणतं, हेसुद्धा कोणता आकडा किती वेळा आलाय ते मोजून ओळखावं लागलं.

सरासरी काढली तर पी-300 चांगलाच उशिरा. सहकारी खूश. वय वाढतं तसा पी-300 लांबतो हे जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे, त्यामुळे 'अपेक्षेप्रमाणेच आलंय, लिहायला घे' असं त्यांचं म्हणणं. मला खटकला तो पी-1. चित्र दिसल्यावर डोक्याच्या मागच्या भागात साधारण 100 मिलिसेकंदांच्या आसपास उमटणारा हा पहिला प्रतिसाद. वयानं तो थोडाफार हलतो, पण इथे तो भलताच मागे गेला होता, आणि जवळपास प्रत्येकाचा सारखाच. पी-300 च्या उशिरातला बराचसा भागही तेवढाच भरत होता. सगळ्या लहरी एकाच अंतरानं सरकल्या, तर आधी मेंदूवर नव्हे, उपकरणांवर संशय घ्यायचा. मार्कर आधी पडत होता आणि चित्र स्क्रीनवर नंतर येत होतं.

'तू वयाचा परिणामच पुसायला निघालीस,' असं मला सगळ्यांसमोर ऐकावं लागलं. मग त्या दुसऱ्या लॅबमधल्या ज्या विद्यार्थ्यानं ते रेकॉर्डिंग केलं होतं त्याला शोधून काढलं. तो केव्हाच लॅब सोडून गेला होता, पण वही जपून ठेवली होती. मॉनिटर बदलल्यावर फोटोडायोड (स्क्रीनवरचा प्रकाश टिपणारा सेन्सर) लावून मोजलेला विलंब त्यात लिहिलेला होता आणि तो माझ्या अंदाजाशी जुळला. त्या लॅबनं स्वतःच्या विश्लेषणात तो वजा केला होता. आम्हाला दिलेल्या फाइलींत ना दुरुस्ती होती, ना साधा उल्लेख. त्या वहीबद्दल मला आजही त्या मुलाचं कौतुक वाटतं.

यावर सहकाऱ्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की दुसऱ्याचा डेटा वापरूच नये. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. घोळ झाला तो डेटा अर्धवट दिल्यामुळे. तो कच्चा आणि नोंदींसकट आला असता, तर हा शोध एका दुपारचं काम होतं.

आणि नोंदी कशा ठेवायच्या हे आता कोणी नव्यानं शोधायची गरज नाही. 1958 मध्ये जॅस्पर यांनी मांडलेल्या 10-20 पद्धतीनं इलेक्ट्रोड कुठे लावायचे ते ठरलं. 2019 पासून ईईजी-बिड्स हा डेटा आणि नोंदी मांडून ठेवण्याचा ठरलेला साचा आहे. त्यात रेफरन्स, सॅम्पलिंग (सेकंदाला किती वेळा मोजलं), वीजपुरवठा 50 हर्ट्झचा की 60 चा, कोणते फिल्टर लावले, हे सगळं सांगावंच लागतं. मार्करच्या आकड्यांचे अर्थही शेजारच्या फाइलीत लिहिता येतात. एवढं करून ओपनन्यूरो या खुल्या डेटासंग्रहावर चढवा. 'आमच्या मेथड्समध्ये सगळं लिहिलंय' हे उत्तर मी ऐकून घेत नाही.

मग विश्लेषणही एकच का नको? कारण प्रश्न वेगळे असतात. हळू बदलणारी लहर शोधायची असेल तर 1 हर्ट्झचा हाय-पास (त्याहून संथ लहरी गाळून टाकणारा फिल्टर) तीच खाऊन टाकतो, शिवाय शिखराच्या आधी उलट दिशेचा खोटा उंचवटाही उभा करू शकतो. स्नायूंच्या गोंगाटातून अल्फा (साधारण 10 हर्ट्झचा मेंदूचा ताल) काढायचा असेल तर तोच फिल्टर बिनधास्त चालतो. ईईजीलॅब या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरचे एक कर्ते आर्नो डेलोर्म यांनीच 2023 मध्ये आपोआप साफसफाई करणाऱ्या प्रचलित पायऱ्या तपासल्या. हाय-पास फिल्टर आणि खराब चॅनेल (इलेक्ट्रोडच्या नोंदी) भरून काढणं सोडलं, तर बाकीच्यांनी परिणाम सुधारला नाही किंवा उलट बिघडवला. आज जी पद्धत सक्तीची कराल ती उद्या चुकीची ठरली, तर परत जायला कच्चा डेटाच लागेल. आमच्या लॅबमध्ये मात्र अजून साफ केलेल्या फाइलीच जपून ठेवतात आणि जागेसाठी कच्च्या उडवतात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. संमतीपत्रात डेटा खुला करण्याचा उल्लेख नसेल तर तो देता येत नाही, आणि नाव पुसलं म्हणजे ओळख पुसली असंही नाही. ईईजीवरून माणूस ओळखता येतो हे दाखवून झालंय. रुग्णांच्या डेटाचे नियम आणखी कडक असतात, तिथे माझा हट्ट चालणार नाही. तुम्ही प्रयोग सुरू करणार असाल तर संमतीपत्रातला तो परिच्छेद पहिल्या माणसाला इलेक्ट्रोडची टोपी घालण्याआधी नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्या. आणि फोटोडायोड लावून विलंब मोजा.