मुरूम : दगड की माती?

यवतमाळकडच्या एका वाचकाने विचारलंय : विहिरीवर 'मुरूम लागला' म्हणतात, तर मुरूम दगड समजायचा की माती? आणि पुस्तकातल्या अग्निजन्य, गाळाचा, रूपांतरित यांपैकी तो कशात बसतो?

कशातच नाही. ही तीन नावं खडक कसा जन्मला ते सांगतात. मुरूम हे नाव त्याची आजची अवस्था सांगतं : दगड कुजून माती होण्याच्या वाटेवरची. तुमच्याकडे बहुतेक वावरांखाली काळा पाषाण आहे, म्हणजे बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. त्याच्या भेगांत पाणी शिरतं, काही खनिजांची चिकणमाती होते, लोह गंजून पिवळट-तपकिरी रंग येतो. पुस्तकात याला विदारण म्हणतात. दगड कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो आणि मधला न कुजलेला गाभा उरतो, तो गोटा. विहिरीत उतरलात की हीच घडण उलटी दिसते : वर कापसाची काळी, तिच्यात चुनखडीचे खडे, मग कुदळीने निघणारा मुरूम, मग पहारीचा कच्चा दगड, आणि तळाशी सुरुंगाशिवाय न हलणारा पाषाण. पाझर बरेचदा मुरूम आणि कच्च्या दगडातच सापडतो, कारण अखंड पाषाणात पाणी साठायला भेगाच नसतात.

'पाणी मुरतं म्हणून मुरूम' असंही कुणी सांगेल. ऐकायला झकास आहे, पण छत्तीसगडात मुरम आणि तेलंगणात मोरम म्हणतात, तेव्हा हा धागा फार ताणू नये. (चेहऱ्यावरचा मुरूम इथे आणूच नका.)

भंडारा-गोंदियाकडचा लालसर मुरूम मात्र वेगळ्या घरचा. तिथला मूळ दगड बेसाल्टपेक्षा कितीतरी जुना. पुस्तकातले बाकीचे दोन प्रकारही विदर्भात आहेत : वणी-चंद्रपूरचा कोळशाबरोबरचा वालुकाश्म गाळाचा, म्हणजे 25 कोटी वर्षांहून आधी नद्यांनी आणून टाकलेली वाळू, दबून घट्ट झालेली. मनसरचं मँगनीज ज्या खडकांत आहे तेही मुळात गाळच होते. खोल गाडले जाऊन उष्णता आणि दाबाने पालटले, म्हणून रूपांतरित. तुमच्या मुरमाचीही उद्या माती होईल, पावसात वर्धा-पैनगंगेतून प्राणहिता, गोदावरी करत समुद्रात जाईल आणि तळाशी दबून पुन्हा खडक होईल. त्या वेळी त्याला गाळाचा म्हणायला हरकत नाही.

तोवर, लिहिताना 'मुरूम' पुल्लिंगी, सामान्यरूप 'मुरुमाचा'; बोलण्यातलं 'मुरमाचा' मला जास्त आवडतं. जमिनीला 'मुरमाड' म्हणा. आणि मुरूम म्हणजे गिट्टी नव्हे : गिट्टी पक्क्या दगडाची, खदानीतून फोडून आणलेली. नागपुरातल्या गिट्टीखदान वस्तीच्या नावातली तीच.