गाडी मालवणात असते, एका बाजूचा हेडलाइट बंद झालाय. फ्यूज गेला असेल की बल्ब?

त्या बाजूचा अप्पर (लांबचा झोत) लागतोय आणि फक्त डिपर (जवळचा झोत) गेलाय, तर बहुतेक बल्बच. एच-४ बल्बमध्ये दोघांची तार वेगळी असते (60/55 वॅट), त्यातली एकच तुटते. दोन्ही गेले असतील तर फ्यूजही बघा. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्याला वेगळा फ्यूज असतो, फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आत नकाशा छापलेला सापडेल.

फ्यूज उजेडात धरा, मधली पट्टी तुटलेली लगेच दिसते. नवा तेवढ्याच अँपिअरचा घ्या: 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा. 'मोठा घाल, परत उडणार नाय' असं कोणी सांगेल. ऐकू नका, फ्यूज वाचेल, वायरिंग जळेल. नवाही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे, इलेक्ट्रिशियन गाठा.

पण तुमच्याकडे खरा संशय खाऱ्या वाऱ्यावर. बल्ब, फ्यूज ठणठणीत आणि दिवा तरी बंद, तर बल्बचं सॉकेट ओढून बघा. पिनांवर हिरवट पूड दिसली की निदान झालं. बॅटरीची निगेटिव्ह काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, जुन्या टूथब्रशने घासा. अर्थिंगची वायर बॉडीला जिथे बसते तोही नट बघा, गंज तिथेच आधी धरतो.

बल्ब बसवताना काचेला बोट नको, तेलकट डागापाशी काच जास्त तापते. मागची रबरी टोपी घट्ट बसवा, नाहीतर जूनमध्ये हेडलाइटची विहीर होते.