वध, हत्या, फाशी की देहदंड?

कराडच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "वक्तृत्व स्पर्धेत विषय मिळालाय, 'पदच्युत हुकूमशहाला ठार मारणे नैतिक आहे का?' भाषणात सद्दाम हुसेनचा वध म्हणू, हत्या म्हणू की फाशी? तिन्ही चालतील ना?"

नाही चालणार. का नाही, ते शोधताना तुझा निम्मा विषय सुटेल.

वध आणि हत्या मुळात एकाच घरातले. संस्कृतात 'हन्' धातूच्या काही रूपांत त्याच्या जागी 'वध' येतो, हे पाणिनीनेच सांगून ठेवलंय. मराठीत मात्र दोघांची वाटणी झाली. कंसाचा वध, प्रतापगडाखाली अफझलखानाचा वध. पण नारायणराव पेशव्यांची हत्या. वध म्हटलं की आपण मारणाऱ्याच्या बाजूला गेलो, हत्या म्हटलं की मेलेल्याच्या. आणि आपल्या कानाला वध म्हणजे बहुधा समोरासमोरची गाठ. मरणारा त्या क्षणी बलवान आणि घातक असतो. (संस्कृतात 'वधदंड', 'वध्यस्तंभ' हे शिक्षेचे शब्द आहेत, पण आपल्या बोलण्यात ते उरले नाहीत.) पदच्युत हुकूमशहा तर कोठडीत असतो. त्याचा वध म्हणणं म्हणजे बांधलेल्या माणसाला रणात उभा असल्याचं दाखवणं. मला ते पटत नाही.

'फाशी' शब्द त्यामानाने सरळ. पाश, फास, फाशी. तो फक्त रीत सांगतो, म्हणून रोमानियाचा पदच्युत हुकूमशहा चाउशेस्कू याला तो लावता येणार नाही. 25 डिसेंबर 1989 रोजी त्याला आणि त्याच्या बायकोला गोळ्या घातल्या. पण फाशीच्या पुढचं क्रियापद बघ. गुन्हेगाराला फाशी 'होते'. क्रांतिकारक फासावर 'जातात'. ज्याचा तिरस्कार वाटतो त्याला 'लटकवतात'. साताऱ्यात गेंडामाळावर 1857 साली इंग्रजांनी 17 जणांना मारलं: काहींना फाशी, काहींना तोफेच्या तोंडी, काहींना गोळ्या. इंग्रजी अंमलाच्या लेखी ती शिक्षा होती, आपल्या लेखी ते हुतात्मे. तेव्हा भाषणात क्रियापद जपून निवड.

उरला देहदंड. दंड म्हटला की तो धरणारा अधिकारी हात आलाच. सद्दामवर खटला चालला. इराकमधल्या दुजैल गावच्या 148 माणसांच्या हत्येबद्दल 5 नोव्हेंबर 2006 रोजी निकाल लागला, अपील फेटाळलं गेलं आणि 30 डिसेंबरला फाशी झाली. इथवर 'देहदंड' बसतो. पण फासाखाली उभ्या असलेल्यांनी त्याला टोमणे मारले, कुणी मोबाइलवर चित्रण केलं. ते बघताना मला 'सूड' हाच शब्द सुचला, आणि दुजैलच्या मेलेल्यांचा न्याय त्या गलक्यात कुठेतरी हरवला याचं आजही वाईट वाटतं. चाउशेस्कूचा खटला तर तासाभरात उरकला. त्याला 'देहदंड' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. 'खटल्याचं सोंग करून मारलं' म्हण.

आपल्याकडचा एक शब्द मात्र भाषणात जरूर घे. माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे. नारायणरावाच्या खुनाबद्दल त्यांनी राघोबादादांना 'देहान्त प्रायश्चित्त' सांगितलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते 'शिक्षा' म्हणाले नाहीत. शिक्षा दुसरा देतो, प्रायश्चित्त ज्याचं त्यानेच घ्यायचं असतं. पाप केलं हे कबूल केल्याशिवाय त्या शब्दाला अर्थच नाही. आणि हे त्यांनी कुणाला सुनावलं? गादीवर बसलेल्याला. गादीवरून उतरलेल्याला नव्हे. राघोबांनी ते घेतलं नाही, शास्त्री पुणं सोडून निघाले.

तेव्हा सद्दामसाठी 'फाशी देण्यात आली' लिही, 'वध' खोडून टाक. आणि 'पदच्युत' मधला च्यु ऱ्हस्व आहे, तेवढं बघ. तू दीर्घ लिहिला होतास, वर मी सुधारून घेतलाय.