वाचक विचारतात: हॅमंड्सपोर्टला जायचंय, काय बघू?

गेल्या अंकात न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स या तलावांच्या ट्रिपबद्दल लिहिताना मी एकच ओळ टाकली होती, की क्यूका लेकच्या दक्षिण टोकाला हॅमंड्सपोर्ट नावाचं छोटं गाव आहे, तिथलं विमानांचं म्युझियम चुकवू नका. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आलीत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय.

प्रश्न: ताई, आम्ही सोलापूरचे, सध्या मुलाकडे न्यू जर्सीत एडिसनला आलोय सहा महिन्यांसाठी. नायगारा दोनदा झाला. नात दहा वर्षांची आहे आणि विमान म्हटलं की जेवण विसरते. पण यांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. शिवाय मुलगा म्हणतो त्या गावात वाइनरीशिवाय काही नाही, आणि आमच्यात कुणीच घेत नाही. तरी जावं का? दोन दिवस आहेत हातात.

काकू, नक्की जा. मी दोनदा गेलेय, दुसऱ्यांदा माझ्या सासूबाईंना घेऊन, त्यांचेही गुडघे तसेच, आणि त्यांना हे गाव नायगारापेक्षा जास्त आवडलं, कारण इथे गर्दी नाही, रांगा नाहीत, आणि गाव एवढं लहान की हजारसुद्धा लोकवस्ती नाही.

एडिसनहून गाडीने साडेचार-पाच तास धरा, मधे थांबत गेलात तर सहा. बाथ गावच्या एक्झिटला उतरलात की 54 नंबरचा रस्ता थेट गावात नेतो, आणि त्याच रस्त्यावर गावाच्या थोडं अलीकडे ग्लेन कर्टिस म्युझियम लागतं, बाहेर एक अवाढव्य जुनं विमान उभं दिसेल म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही. आत सगळं एकाच मजल्यावर सपाट आहे, काकांना काही त्रास होणार नाही. फक्त वेळा सीझनप्रमाणे बदलतात, निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या साइटवर बघून घ्या.

आता नातीला काय सांगायचं ते सांगते, कारण गोष्ट माहीत असली तर तिला तिथे तीन तास पुरणार नाहीत. ग्लेन कर्टिस याच गावात 1878 साली जन्मला. सायकली दुरुस्त करायचा, शर्यती लावायचा, मग सायकलला इंजिन बसवायच्या नादाला लागला, आणि पहिल्या इंजिनाचा कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि इंधन मिसळणारा भाग म्हणून त्याने टोमॅटोचा रिकामा डबा वापरला होता. तिथून पुढे 1907 च्या जानेवारीत फ्लोरिडाच्या वाळूवर आठ सिलिंडरची मोटरसायकल त्याने ताशी 136 मैलांच्या वर पळवली, म्हणजे जवळजवळ 219 किलोमीटर, त्यावेळी जगात कुठलीच गाडी एवढी पळत नव्हती. हलकं आणि भरवशाचं इंजिन बनवणारा माणूस म्हणून नाव झालं आणि टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल त्याच्याकडे आले, पाच जणांनी मिळून एक संस्था काढली, पैसे बेलसाहेबांच्या बायकोने, मेबलने घातले. मेबलला ऐकू येत नव्हतं आणि कर्टिसची बहीण रुथासुद्धा लहानपणीच्या आजारात ऐकणं गमावून बसली होती. हे वाचल्यापासून मला या सगळ्या मंडळींबद्दल एक वेगळीच आपुलकी वाटते.

त्या पाच जणांनी वर्षभरात एकामागून एक विमानं बनवली. तिसरं विमान जून बग, नाव बेलनी ठेवलं, जूनमध्ये उडणाऱ्या भुंग्यांवरून. 4 जुलै 1908 ला, आधी जाहीर करून, गावकरी पाहुणे फोटोवाले सगळे बोलावून, कर्टिसने ते 5,090 फूट उडवलं, म्हणजे दीड किलोमीटर. अशा उड्डाणासाठी एक बक्षीस लावलेलं होतं, त्याला एकच किलोमीटर पुरणार होता. राइट बंधू 1903 लाच उडाले होते हे खरं, पण ते लोकांपासून लांब राहून काम करायचे, त्यामुळे अमेरिकेत आधी तारीख सांगून चारचौघांसमोर झालेलं हे पहिलं मोठं उड्डाण. म्युझियममध्ये जून बगची प्रतिकृती आहे, नातीला तिच्याजवळ उभं करा आणि विचारा की तू यात बसशील का, बांबू तारा आणि कापड, बस एवढंच आहे ते.

मला स्वतःला तिथलं सगळ्यात आवडतं ते वर्कशॉप. मागच्या बाजूला जुनी विमानं दुरुस्त करणारे, नवीन प्रतिकृती बनवणारे लोक काम करत असतात, बहुतेक सगळे निवृत्त झालेले स्वयंसेवक, आणि ते काम तुम्हाला बघता येतं. माझ्या सासूबाई तिथे अर्धा तास उभ्या होत्या, एक आजोबा लाकडाची बारीक फळी वाफवून वाकवत होते आणि या बघत होत्या, भाषा येत नाही तरी दोघांचं व्यवस्थित चाललं होतं. शक्यतो वीकडेला जा म्हणजे काम चालू दिसायची शक्यता जास्त.

म्युझियम झालं की दुपारी डेपो पार्कला जा, तलावाच्या अगदी काठावर जुनं रेल्वे स्टेशन आहे तिथे. बाक आहेत, सावली आहे, काकांना बसवा, घरून दशम्या चटणी नेली असेल तर ती सोडा. व्हेज खायचं म्हणाल तर गावात पिझ्झा, सॅलड, सँडविच एवढंच मिळेल असं धरून चाला. तिथून पुल्टनी स्क्वेअर म्हणजे गावचा चौक दोन-तीन मिनिटांवर, मधे बँडस्टँड, चारी बाजूंना जुन्या विटांची दुकानं. 2012 मध्ये एका ट्रॅव्हल मासिकाने अमेरिकेतलं सगळ्यात कूल छोटं गाव म्हणून याची निवड केली होती.

आणि वाइनरीचं म्हणाल तर न पिताही द्राक्षं बघता येतातच ना. हे तलाव हिमनद्यांनी कोरलेले, खूप खोल, थंडीत ते पटकन गार होत नाहीत म्हणून काठच्या उतारावर एवढ्या बर्फाच्या प्रदेशात द्राक्ष टिकतं. सप्टेंबर अखेरीला गेलात तर हवेत कॉन्कॉर्ड जातीच्या द्राक्षाचा वास असतो, रस मिळतो, जवळच्या नेपल्स गावात द्राक्षाचा पाय (pie, आत द्राक्षं भरून भाजलेला गोड पदार्थ) मिळतो, तो खाच. शिवाय जून बग उडालं ते शेत कुणाचं होतं सांगू? प्लेझंट व्हॅली वाइन कंपनीच्या चॅम्पलिन घराण्याचं, घोड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक होता तिथे. ही कंपनी 1860 ची, दगडी इमारती डोंगरात घुसवलेल्या आहेत, त्या नुसत्या बाहेरून बघायलासुद्धा जावं. त्याच भागातल्या स्मशानभूमीत कर्टिसला पुरलंय.

दुसऱ्या दिवशी मुलगा म्हणेल वॉटकिन्स ग्लेनला जाऊ, दरी आणि 19 धबधबे. सुंदर आहे, पण आठशेच्या वर दगडी पायऱ्या आहेत आणि त्या ओल्या असतात, काकांना नका नेऊ. नात आणि मुलगा जाऊ देत, तुम्ही दोघं कॉर्निंग गावातल्या काचेच्या म्युझियमला थांबा, व्हीलचेअर मिळते, बसून काच फुंकताना बघता येते आणि कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीसाठी 1934 मध्ये ओतलेली, पण बिघडलेली 200 इंची काचेची तबकडी तिथे ठेवलीय, ती पाहून मी गप्पच झाले होते.

प्रश्न: तुम्ही लिहिता तिथे आपल्या माणसाने का जावं? भारताशी काही संबंध आहे का त्या गावाचा? (पुणे)

आहे की, आणि वरच्या काकूंनीही हे वाचावं कारण त्या सोलापूरच्या आहेत.

म्युझियमच्या बाहेर जे मोठं विमान उभं आहे ते सी-46 कमांडो, कर्टिसच्या नावाच्या कंपनीचं मालवाहू विमान. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशचा रस्ता जपान्यांनी बंद केल्यावर चीनला सगळा माल आसामातल्या धावपट्ट्यांवरून हिमालयाच्या पूर्व टोकावरून विमानाने जायचा, त्या वाटेला वैमानिक हम्प म्हणायचे, आणि त्या वाटेवर हीच विमानं होती. कितीतरी परत आली नाहीत, अरुणाचलच्या डोंगरात अजूनही सांगाडे सापडतात. त्याच्या पोटाखाली उभं राहिलं की मला आसाम आठवतं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे आपले वालचंद हिराचंद, जन्म सोलापूर, 1882. भारतात विमान बनवायचं हे त्यांनी मनावर घेतलं, 1939 मध्ये विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी पडली जो कर्टिस-राइटची विमानं आशियात विकायचा, त्यातून 1940 च्या डिसेंबरात बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली, आजची एचएएल. तिथे पहिल्यांदा जी विमानं जुळवली त्यात हार्लो हे वैमानिकांना शिकवायचं विमान होतं आणि दुसरं होतं कर्टिस हॉक, लढाऊ विमान, ते 1942 मध्ये उडालं. ग्लेन कर्टिस तोवर वारला होता, 1930 लाच, पण नाव त्याचंच. टोमॅटोच्या डब्यापासून बंगळुरूच्या हँगरपर्यंत असा हा धागा येतो, आणि म्युझियममध्ये फिरताना सोलापूर-पुण्याच्या माणसाने तो मनात ठेवावा असं मला फार वाटतं, कारण तिथल्या पाट्यांवर तो लिहिलेला तुम्हाला दिसणार नाही.

प्रश्न: माझा मुलगा एरोनॉटिकल इंजिनिअरिंग करतोय, तो म्हणतो कर्टिसने राइट बंधूंची चोरी केली. मग त्याचं म्युझियम कशाला बघायचं?

मुलाला सांगा दोन्ही बाजू वाचून ये, आणि मग बघच. राइट बंधू वळायला पंखच पिळायचे, कर्टिसच्या गटाने पंखाच्या टोकाला वेगळ्या हलत्या फळ्या लावल्या, आज त्यांना एलेरॉन म्हणतात आणि मुंबई-दिल्ली विमानात खिडकीतून त्याच हलताना दिसतात. राइट म्हणाले आमच्या पेटंटमध्ये हेही येतं, 1909 मध्ये केस टाकली, कोर्टाने बरंचसं राइटांचंच ऐकलं, आणि शेवटी पहिलं महायुद्ध आलं तेव्हा 1917 मध्ये सगळ्यांची पेटंटं एकत्र करून वाद मिटवला. 1929 मध्ये दोन्ही नावांच्या कंपन्या एक झाल्या, कर्टिस-राइट. माझं मत विचाराल तर उडण्याचा मान राइटांचा, तो कुणी काढून घेऊ शकत नाही, पण पाण्यावरून उडणं आणि उतरणं हे अमेरिकेत कर्टिसने आणलं. अमेरिकन नौदलाचं पहिलं विमान 1911 च्या जुलैमध्ये याच क्यूका लेकवर उडालं. 1914 मध्ये अटलांटिक पार करायला अमेरिका नावाची उडती बोट बांधली, युद्ध सुरू झालं आणि बेत राहिला, तिची पूर्ण आकाराची प्रतिकृती म्युझियमच्या स्वयंसेवकांनी बनवून 2008 मध्ये तलावावरून खरोखर उडवली. मुलाला तिच्यासमोर उभं करा, बाकी त्याला तुम्ही सांगायची गरज पडणार नाही.

प्रश्न: आम्हाला सुट्टी ख्रिसमसमध्येच मिळते. तेव्हा गेलं तर चालेल का?

चालेल, पण तलावाकाठचे रस्ते निसरडे असतात, अंधार साडेचारलाच पडतो आणि पुष्कळ दुकानं बंद. म्युझियमची वेळ फोन करून विचारा. एक मात्र आहे, बर्फ असेल तर डेपो पार्कला पाच मिनिटं तरी थांबा. मार्च 1908 मध्ये याच गोठलेल्या तलावावरून रेड विंग हे बेल-कर्टिसच्या त्या पाच जणांचं पहिलं विमान उडालं होतं, 319 फूट. चालवणारा त्या पाचांतलाच केसी बाल्डविन. गावात अशी गोष्ट सांगतात की बाकी सगळ्यांच्या पायात स्केट्स होते, याच्याच नव्हते, बर्फावर नीट उभं राहता येईना म्हणून यालाच विमानात बसवलं. ज्याने ते विमान आखलं तो पाचांतलाच टॉमस सेल्फ्रिज त्या दिवशी गावाबाहेर होता. सहाच महिन्यांनी ऑर्व्हिल राइटबरोबर उडताना अपघात झाला आणि तो गेला, विमान अपघातात मेलेला पहिला प्रवासी. सव्वीस वर्षांचा होता.

प्रश्न: लहान मुलांना अजून काही करता येईल का जवळपास?

हो, एलमायराला हॅरिस हिलवर ग्लायडरचं म्युझियम आहे, साधारण तासाभरावर, आणि उन्हाळ्यात तिथे ग्लायडरमध्ये बसवून फिरवतातसुद्धा, इंजिन नाही, आवाज नाही, फक्त वारा. वजनाची आणि वयाची अट आधी विचारून घ्या. आणि गावाजवळच जुन्या टेलर वाइन कंपनीच्या इमारतीत लाकडी बोटींचं म्युझियम आहे, पाऊस आला तर तिकडे.