‘अधोमिश्रण’ नको, मग काय?

प्रश्न असा: घरच्या सिनेमांचा ५.१ आवाज दोन स्पीकरांसाठी स्टिरिओ करून घ्यायची कृती मराठीत लिहितो आहे, ‘डाउनमिक्स’ला ‘अधोमिश्रण’ म्हटलं तर चालेल का? सोबत नमुना आहे: ‘मध्य वाहिनीचा आवाज निम्मा करून डाव्या-उजव्या वाहिन्यांत अधोमिश्रित करावा.’

मला नाही पटत. अधोमुख, अधोगती, अधोरेखित, कुठेही बघा, ‘अधो’ आलं की काहीतरी खाली असतं नाहीतर खाली जात असतं. इथे खाली काय जातं? काहीच नाही. फक्त मोजणी घटते, ५.१ मधल्या सहा वाहिन्यांच्या, म्हणजे आवाजाच्या सहा सुट्या प्रवाहांच्या, दोन होतात. ‘उतरवणे’ही याच कारणाने बाद. गायक पट्टी उतरवतात, आणि कॅसेटच्या दिवसांत आपण गाणी उतरवून घ्यायचो, म्हणजे नक्कल करायचो. दोन्ही अर्थ आवाजाचेच, त्यामुळे घोटाळा ठरलेला.

‘चॅनेल’साठी लिहिलेली ‘वाहिनी’ही बदला. ‘सहा वाहिन्यांचा सिनेमा’ वाचून मला तो टीव्हीवर सहा ठिकाणी एकदम लागल्यासारखा वाटला! दोऱ्याला, हाराला पदर असतात. वर्तमानपत्रांनी चौपदरी, सहापदरी रस्ते लिहून तो शब्द नव्या कामाला केव्हाच जुंपला आहे. मग सहापदरी आवाज दुपदरी करू या. ‘स्टिरिओ’ मात्र राहू द्या. त्याच्या ग्रीक मुळाचा अर्थ ‘घन, भरीव’ असा आहे, ‘दोन’ असा नाही, तेव्हा ‘दुपदरी’ हा त्याचा अनुवाद नव्हे.

क्रियापद साधं ‘मिसळणे’. ‘मिक्स’चं लॅटिन मूळ आणि आपला ‘मिश्र’ एकाच गोतातले आहेत. परकं काही आणावं लागत नाही.

पण सहाही पदर मिसळतात का? ५.१ हा दशांश अपूर्णांक नव्हे. पाच पूर्ण पदर आणि सुमारे १२० हर्ट्झपर्यंतच्या खर्जापुरता एक अरुंद पदर, असा तो हिशेब. स्टिरिओ करताना हा सहावा पदर बहुधा सोडूनच देतात. तिथे ‘मिसळावा’ लिहाल तर कृतीच चुकेल, ‘वगळावा’ लिहा.

आता ‘आवाज निम्मा’. शब्दापेक्षा ही चूक मोठी आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत मधल्या पदराला ०.७०७ने गुणून तो दोन्हीकडे घालतात, म्हणजे ३ डेसिबल कमी करून. संवाद मुख्यतः याच पदरात असतात, आणि आता ते दोन स्पीकरांतून येणार, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला निम्मी शक्ती. शक्ती निम्मी झाली तरी कानाला आवाज निम्मा वाटत नाही. तसा वाटायला साधारण १० डेसिबल कमी करावे लागतात. तुमचं वाक्य वाचून कोणी खरोखर कानाने ‘निम्मा’ केला तर संवाद संगीताखाली बुडतील. मागचे दोन पदरही असेच ०.७०७ने गुणतात, पण डावा फक्त डावीकडे आणि उजवा फक्त उजवीकडे जातो.

तेव्हा वाक्य असं करा: ‘मधला पदर ३ डेसिबलने कमी करून डाव्या आणि उजव्या पदरात सारखाच मिसळावा.’

शीर्षकात नामच हवं असेल तर सरळ ‘डाउनमिक्स’ लिहा, मेनूत शोधणाऱ्यालाही सापडेल. फक्त ‘मिक्सडाउन’ लिहू नका. स्टुडिओत सुटे मुद्रित केलेले ट्रॅक जुळवून पहिल्यांदा मिश्रण बनवतात, ते मिक्सडाउन. तुमच्या हातात तयार मिश्रण आहे.