भुलीतून उठताना मूल आकांत करतं, ते टाळता येतं का?

तुमच्या चार वर्षांच्या मुलाचं टॉन्सिलचं ऑपरेशन आहे, आणि जावेच्या मुलीने उठल्यावर आईलाही न ओळखता हातपाय झाडले तसं याचंही होईल, ही तुमची धास्ती. मी इथे इंदुरातच भूल देते. हमी कुणीच देणार नाही, पण शक्यता बरीच कमी करता येते.

दोन ते सहा वर्षांचं वय, कान-नाक-घशाचं ऑपरेशन आणि सेव्होफ्लुरेन हा वायू, असं जुळून आलं की हे जास्त दिसतं. त्या वायूला उग्र वास नसतो, मूल मास्कमधून भरकन झोपतं, म्हणून आम्हाला तो सोडवतही नाही. दुखणं हे एक कारण आहेच, पण एकमेव नाही. नुसत्या एमआरआयसाठी भूल दिलेली मुलंही अशी उठतात.

म्हणून आधीच्या तपासणीला तुमची भीती भूलतज्ज्ञांनाच सांगा, सर्जनना सांगून भागत नाही. ऑपरेशनच्या शेवटी शेवटी प्रोपोफॉल या शिरेतून द्यायच्या भुलीच्या औषधाचा छोटा डोस देता येतो किंवा वायू टाळून सगळी भूलच त्यावर चालवता येते. डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचं औषधही चांगलं, मूल जरा जास्त झोपतं आणि नाडी मंदावते, तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. मिडाझोलाम हे आधी द्यायचं, भीती घालवणारं औषध पाजलं की मूल न रडता आत जातं खरं, पण उठतानाच्या आकांतासाठी मी त्यावर विसंबत नाही.

आत घाबरून गेलेलं मूल उठतानाही जास्त बिथरतं. त्यामुळे ‘फिरायला जाऊ’ म्हणून फसवून आणू नका. त्या दिवशी मोबाईलवर कार्टून खुशाल लावा. घन खाणं 6 तास बंद, पण साधं पाणी बहुतेक ठिकाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. वेळ विचारून घ्या, उगाच रात्रभर तहानलेलं ठेवू नका. आणि सोबतच्या मंडळींना सांगा, पोहे-जिलबी बाहेर जाऊन खा!

तरीही झालंच, तर नर्स आधी ऑक्सिजन आणि दुखणं बघतील. जवळ एकटी आई किंवा एकटे बाबा. हलवून उठवायचं नाही, सलाईनचा हात सांभाळायचा, हळू बोलत राहायचं. बहुधा पंधरा-वीस मिनिटांत ओसरतं आणि मुलाला सहसा आठवतही नाही. शांत झोपलेलं मूल सारखं काहीतरी गिळताना दिसलं, तर मात्र लगेच नर्सना बोलवा. टॉन्सिलनंतर ते रक्त असू शकतं.